काटेसावरीखाली

मार्चमध्ये पुण्यात पक्षी बघायचे तर फार भटकू नये. वेताळ टेकडीवर फुललेली एखादी काटेसावर गाठावी आणि तिच्यापासून थोडं लांब, सूर्य पाठीशी घेऊन बूड टेकावं. झाडावर पान नसतं, त्यामुळे लपायची सोय नाही. फुलं मात्र वाटीसारखी, तळाशी भरपूर मध. जो येतो तो उघड्यावर येतो.

उजाडताना काम कानांचं. तांबटाचं टुक् टुक् टुक् चालू असतं, पण तांबट दिसेल तर शपथ. चिमणीएवढा हा पक्षी चोच मिटून, गळा फुगवून आवाज काढतो आणि वर मान इकडून तिकडे वळवतो. त्यामुळे आवाज घटकेत डावीकडून, घटकेत उजवीकडून आल्यासारखा वाटतो. नवखी मंडळी दुर्बीण गरागरा फिरवत राहतात. शेंड्याची वाळकी फांदी बघावी. बहुधा तिथेच तो ऊन खात बसलेला असतो.

झाडावर ऊन आलं की भोरड्या उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि अखंड भांडण. पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या या मैना आता परतीच्या तयारीत असतात. घरटी त्या तिकडेच करतात. थवा मोजताना एकेक मोजत बसायचं नाही. दहा पक्षी किती जागा व्यापतात ते नजरेत बसवायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं. वहीत ‘साधारण ८०’ लिहायला लाजू नये. ‘खूप’ लिहिलं तर पुढच्या वर्षी ते कशाशी ताडून बघणार?

भोरड्यांच्या गलक्यात फुलटोच्या हमखास निसटतो. जेमतेम अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा. देखणा म्हणवत नाही, पण माझा सगळ्यात आवडता. बांडगुळाची फळं तो खातो. आतलं बी इतकं चिकट, की विष्ठेतून बाहेर पडतानाही सुटत नाही. मग स्वारी बूड फांदीला घासते, बी तिथेच चिकटतं आणि त्यातून नवं बांडगूळ उगवतं. आंबेवाल्यांनी शिव्या द्याव्यात अशीच ही शेती.

टेकडीवर गिरिपुष्पाची लागवड मोठी. गुलाबी बहर फोटोत छान येतो, शिंजीर त्यावर घिरट्याही घालतात. पण त्या रांगांमधून चालताना एरवी मला शुकशुकाटच जाणवतो. पांगारा, पळस, सावर लावली असती तर बरं झालं असतं.

दुपारी पक्षीही सावली धरतात, आपणही घरी जावं. उन्हं कलली की सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट. मुळा-मुठेच्या बंधाऱ्यावर फेस आणि वास, आणि त्यातच लांब गुलाबी पायांचे शेकाटे निवांत चरत असतात. हिवाळाभर इथे असणारे चक्रवाक मार्चमध्ये कमी होत जातात. त्यांची विणीची ठिकाणं लडाख-तिबेटकडे. ते आले कधी, हे पहिली जोडी दिसताच लिहिता येतं. गेले कधी, हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून मार्चअखेरच्या प्रत्येक फेरीत चक्रवाकांपुढे आकडा घालायचा, एकही दिसला नाही तरी शून्य लिहायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बघायचं.