पट किती? विचाराल तसं उत्तर

2011 च्या ऑक्टोबरात, 3 ते 5 तारखांना राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटाला शाई लावली होती. एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये, म्हणून. आता पट ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या ऑनलाइन नोंदींत आहे आणि शाईचं काम क्वेरीला, म्हणजे त्या नोंदींना विचारलेल्या प्रश्नाला, करावं लागतं. या क्वेरीबद्दल काही गैरसमज मात्र घट्ट बसलेले आहेत.

पहिला: ओळी मोजल्या की मुलं मोजली. समजा, पाथर्डीची एक मुलगी जूनमध्ये गावच्या शाळेत आहे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघाले आणि ती कारखान्याजवळच्या शाळेत बसू लागली. तिथंही नोंद झाली तर मूल एक, ओळी दोन, आणि साधा ‘काउंट’ दोन सांगणार. ‘डिस्टिंक्ट’ वापरा, पण नावावर नको. ‘ओंकार’ आणि ‘ओमकार’ ही संगणकाला दोन मुलं वाटतात. उलट, एकाच नावाचे दोघे एक होऊन जातात. मोजणी विद्यार्थ्याच्या कायम क्रमांकावरच करावी.

दुसरा गैरसमज सगळ्यात महागाचा: रिकामा रकाना आपोआप समजून घेतला जातो. 30 सप्टेंबरचा पट काढायचाय, कारण संचमान्यतेला वर्षानुवर्षं हीच तारीख धरत आले. क्वेरीत लिहिलं: दाखल दिनांक 30 सप्टेंबरपर्यंतचा, ‘अँड’ शाळा सोडल्याचा दिनांक त्यानंतरचा. वाचायला अगदी बरोबर. निकालात मात्र नंतर शाळा सोडून गेलेलीच मुलं येतात. वर्गात बसलेली सगळी गायब! त्यांचा सोडल्याचा दिनांक रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. माहीत नसलेली तारीख 30 सप्टेंबरनंतरची आहे का? याचंही उत्तर ‘माहीत नाही’, आणि ‘व्हेअर’ फक्त ‘हो’ म्हणणाऱ्या ओळी ठेवतो. बरोबरचं चिन्ह टाकून नल शोधलात तरी काही सापडत नाही. ‘इज नल’च लिहावं लागतं. सोडल्याच्या दिनांकाच्या या दोन अटी ‘ऑर’नं जोडून कंसात घाला. कंस विसरलात तर ‘अँड’ आधी बांधला जातो आणि डिसेंबरात दाखल झालेली मुलंही सप्टेंबरच्या पटात येऊन बसतात.

तिसरा: जिल्ह्याचं नाव टाकलं की जिल्हा मिळतो. आपला जिल्हा आता अहिल्यानगर. नावबदलावर केंद्राची मोहोर ऑक्टोबर 2024 मध्ये उमटली, पण जुन्या ओळींत ‘अहमदनगर’ असेल आणि कुणी घाईत नुसतं ‘नगर’ही टाकलं असेल. शेवटी ‘नगर’ असलेलं सगळं मागवलंत, तर छत्रपती संभाजीनगरही हजर! त्यापेक्षा शाळेच्या 11 अंकी यूडायस क्रमांकाचे पहिले चार अंक धरा: 2726. त्यातला 27 महाराष्ट्राचा, 26 आपला. संगमनेरपासून जामखेडपर्यंत चौदाही तालुके त्यात येतात.

आणि ‘क्वेरी चालली म्हणजे उत्तर बरोबर’ हेही खरं नाही. यंत्र फक्त व्याकरण तपासतं. शिष्यवृत्तीचा तक्ता ‘जॉइन’ केला आणि मुलाला दोन शिष्यवृत्त्या असल्या, तर ते निमूटपणे त्याला दोनदा मोजेल.

म्हणून जिल्ह्यावर सोडण्याआधी क्वेरी एकाच शाळेच्या चौथीवर चालवा, आणि जनरल रजिस्टर शेजारी उघडून एकेक नाव जुळवा.