कापूस पिकविणाऱ्याला हिशेब शिकवा

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेले रंगीत कापडाचे तागे गिऱ्हाइकाने परत पाठविले. कापडावर जागोजागी पांढरे ठिपके होते. आम्ही रंगाऱ्यावर ठपका ठेवला व त्याची मजुरी रोखली. भिंग लावून पाहिले तेव्हा सुतातच प्लॅस्टिकचे बारीक धागे निघाले. कापसाचा रंग या धाग्यांना चढत नाही. खताच्या रिकाम्या गोणीत कापूस भरला की असे धागे त्यात मिसळतात. मजुरी दुसऱ्याच दिवशी चुकती केली, पण नुकसान सोसावे लागले. म्हणूनच शेतकऱ्याचे प्रशिक्षण हा आम्हा कापडवाल्यांचाही विषय आहे, असे आम्ही मानतो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातील शंभरांपैकी ८६ शेतखाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. विदर्भ-खानदेशातला असा लहान शेतकरी मेहनतीत कमी नाही. पण आपल्या मालाची किंमत कशावर ठरते, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला चार गोष्टी शिकविल्या पाहिजेत.

पहिली, वेचणी. दंव वाळल्यावर सुती झोळीत कापूस वेचावा. कवडी कापूस चांगल्यात मिसळू नये. ओलावाही पाहावा. सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यापुढे भाव कापते आणि १२ टक्क्यांवर माल घेत नाही.

दुसरी, रुईचा उतारा. समजा, एकाच्या क्विंटलभर कापसातून ३३ किलो रुई निघते, दुसऱ्याच्या ३६ किलो. रुई १५० रुपये व सरकी ३५ रुपये किलो धरली, तर दुसऱ्याची रुई ४५० रुपयांनी जास्त होते, सरकी १०५ रुपयांनी कमी. म्हणजे क्विंटलमागे ३४५ रुपयांचा फरक. दोघांना सरसकट एकच भाव मिळाला, तर चांगला माल पिकविण्याची हौस कोणाला राहील?

तिसरी, खर्चाची वही. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, उधारीवरचे व्याज आणि घरच्या माणसांची मजुरी, सारे लिहावे. एकूण खर्चाला क्विंटलांनी भागले की आपला माल किती रुपयांना पडला ते समजते. त्याखाली विकणे म्हणजे तोटा, मग हातात नोटा कितीही दिसोत.

चौथी, एकजूट. ३४ टक्के उतारा धरला, तर १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. एकट्याला जिनिंग परवडत नाही. पन्नास जणांना परवडते. किमान दहा उत्पादकांना शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. २०२० च्या केंद्रीय योजनेत सपाट प्रदेशात किमान ३०० सभासदांच्या संस्थेला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च ठेवला आहे. मात्र वही कोण लिहिणार आणि सौदा कोण करणार, हे शिकविल्याशिवाय कंपनी कागदावरच राहते.

शिकविणारे आहेत. जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. पण बाजाराचा अनुभव आपल्या बंधूंपाशी आहे. जिनिंगवाल्याने शेतकऱ्यासमोर उतारा काढून दाखवावा व त्याप्रमाणे भाव द्यावा. सूतवाल्याने गावात सुती झोळ्या पाठवाव्यात. यंत्रमागवाल्याने खराब तागा शेतकऱ्यांच्या सभेत उलगडून दाखवावा.

शेतकरी हिशेबात हुशार झाला तर आमचा नफा घटेल, अशी काहींना भीती वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. गोणीच्या एका धाग्याने आम्हाला जेवढा तोटा दिला, तेवढा कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याने भावाची घासाघीस करून दिला नाही.