चिखलात श्वास घेणारी झाडे

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटाकडे जाताना ओहोटीच्या वेळी काठाकडे अवश्य पाहावे. तिवराच्या झाडांभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या शेकडो काड्या वर आलेल्या दिसतात. पुष्कळांस ते नवे कोंब वाटतात. वस्तुतः ती त्या झाडाची मुळेच होत, आणि ती आकाशाच्या दिशेने वाढलेली आहेत.

मुळांस हवा कशाला, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. झाड पानांनी श्वास घेते, एवढेच आपण पाठ केलेले असते. परंतु मुळाची जिवंत पेशीही प्राणवायूवाचून जगत नाही. नत्र, पालाश इत्यादी क्षार शोषून घेण्यास शक्ती खर्चावी लागते व ती श्वसनातूनच मिळते. शेतात मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. खाडीच्या चिखलात ती जवळजवळ नसतेच. म्हणून तिवराच्या या श्वसनमुळांवर सूक्ष्म छिद्रे असतात. भरतीत ती बुडतात, आतला प्राणवायू खर्च होऊन दाब उतरतो आणि ओहोटी होताच बाहेरची हवा आत ओढली जाते. शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीच्या मुळांवरील छिद्रे बुजवून पाहिली, तेव्हा मुळांतील प्राणवायू घटत गेला. हे प्रयोग १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाणी वर कसे चढते, ही याहून नवलाची गोष्ट. मुळे ते ढकलतात, ही समजूत थोडीच खरी आहे. पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो व त्याच वाटेने वाफ बाहेर जाते. पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असल्यामुळे, वाफ गेली की जलवाहिन्यांतील अखंड स्तंभ वर खेचला जातो. डिक्सन व जोली यांनी ही उपपत्ती १८९४ मध्ये मांडली. विहिरीवरचा शोषणपंप पाणी फार तर १० मीटर चढवितो. वृक्ष मात्र १०० मीटरांहूनही उंच आढळतात!

समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी ओढावयाचे, तर सुमारे २५ वातावरणांहून अधिक ताण हवा. शोलँडर यांनीच १९६५ मध्ये तो मोजून दाखविला: खारफुटीत ३५ ते ६० वातावरणे. बहुतेक मीठ मुळांपाशीच अडते. उरलेले तिवराची पाने ग्रंथींवाटे बाहेर टाकतात. पानास जीभ लावली तर खारट लागते.

आता त्या काड्यांवर कोणी मातीचा भराव टाकला, किंवा बांधाआड पाणी कित्येक दिवस कोंडून राहिले, तर काय होईल? पाण्यात उभे असलेले झाड गुदमरून वाळते, आणि पाहणारे म्हणतात, यास पाणी कमी पडले असावे.