मॅचचं तिकीट घेताय? आधी पैसे कुणाच्या नावावर जातायत ते बघा



१९ ऑक्टोबर २०२३. गहुंज्याच्या स्टेडियमवर वर्ल्ड कपची भारत-बांगलादेश मॅच झाली. विराट कोहलीने नाबाद १०३ केले, आपण सात विकेटने जिंकलो. सगळं पुणे खूश. आपल्या बॅचमधला एक जण मात्र त्या मॅचचा विषय निघाला की अजूनही गप्प होतो.

भोसरीत त्याचं पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे. त्याने विचार केला, दिवाळीला ड्रायफ्रूटचा बॉक्स सगळेच देतात, आपण सहा मोठ्या कस्टमरना मॅचचं तिकीट देऊ. आयडिया एकदम चांगली. उत्साहाच्या भरात त्याने सहाही जणांना फोन करून सांगूनही टाकलं. अजून हातात एकही तिकीट नव्हतं!

मग सुरू झाली शोधाशोध. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. समोरच्याने व्हॉट्सॲपवर तिकिटाचा फोटो पाठवला, आधार कार्डाचाही पाठवला. "सर, आठच सीट उरल्यात, दुसरी पार्टी लाइनवर आहे." सहा तिकिटांचे २७ हजार ठरले. आधी अर्धे गेले, १३,५००. मग कुरिअर आणि इन्शुरन्सचे २ हजार, "हे परत मिळतील सर." मग उरलेले १३,५००, कारण "पूर्ण पेमेंटशिवाय सिस्टीम तिकीट सोडत नाही." शेवटी याला शंका आली, पैसे परत मागितले, तर समोरून क्यूआर कोड आला. "स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल." पिन टाकला आणि अजून ९ हजार गेले.

एकूण ३८ हजार. छोट्या युनिटला ही रक्कम लहान नाही. पण तो म्हणतो, "सर, पैशापेक्षा जास्त लागलं ते सहा कस्टमरना पुन्हा फोन करणं."

आता बघा, तो हुशार माणूस आहे. कच्चा माल घेताना दहा पैशांची घासाघीस करतो. मग फसला कुठे? खरेदीचे जे नियम तो धंद्यात रोज पाळतो, ते मॅचच्या नादात बाजूला ठेवले.

इशारे समोरच होते

पहिला इशारा. त्या वर्ल्ड कपची अधिकृत विक्री बुकमायशोवर होती. पुण्यातल्या भारताच्या मॅचची तिकिटं ३१ ऑगस्टला रात्री ८ वाजता खुली झाली होती. आणि मैदानात जायला कागदी तिकीटच लागेल, हे बीसीसीआयने आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला फोटो गेटवर दाखवून उपयोगच नव्हता. पाच मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं.

दुसरा इशारा. पेजचं नाव एक, आणि यूपीआयवर दिसणारं नाव भलत्याच माणसाचं. पैसे पाठवण्याआधी ॲप खातेदाराचं नाव दाखवतं. आपण ते न वाचताच पुढे जातो.

तिसरा इशारा. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरात आणि दुकानात सगळ्यांना पाठ करायला लावा.

"मग कागदी तिकीट हातात घेऊनच पैसे दिले तर?" असं कुणी म्हणेल. त्याच महिन्यात अहमदाबादच्या क्राइम ब्रँचने भारत-पाकिस्तान मॅचची बनावट तिकिटं छापणाऱ्या चौघांना पकडलं. एक खरं तिकीट घ्यायचं, स्कॅन करायचं, कलर प्रिंट मारायची, असा त्यांचा उद्योग. आणि तिकीट खरं असलं तरी त्याचा फोटो पाच जणांना विकता येतो. गेटवर बारकोड ज्याचा आधी स्कॅन होतो, तो आत जातो. बाकीचे चार बाहेर.

खरेदीचे चार नियम

१. विक्री कुठे आहे हे क्रिकेट बोर्डाच्या, एमसीएच्या किंवा आयपीएल टीमच्या अधिकृत साइटवरून शोधा. तिकीट पार्टनर बदलत असतो, त्यामुळे मागच्या वेळची लिंक वापरू नका. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर तर अजिबात क्लिक करू नका. पत्ता स्वतः टाइप करा.

२. विक्रीची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, त्या वेळी तयार बसा. तिकीट संपलं की संपलं. सोल्ड आउट झाल्यावर ज्याच्याकडे "आठच सीट" असतात, तो तुमच्या घाईवर धंदा करतोय.

३. तिकीट हातात आल्याशिवाय कस्टमरला शब्द देऊ नका. शब्द दिला की घाई आपली होते, आणि घाई झाली की डोळे झाकले जातात.

४. नाव जुळलं नाही तर पेमेंट नाही. मग समोरचा कितीही गोड बोलो.

पैसे गेलेच तर

लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. सोबत आपल्या बँकेलाही कळवा. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवले जातात. ते काढून घेण्याआधी तक्रार पोचली तर बँका ती रक्कम रोखून ठेवू शकतात. व्यवहाराचा यूटीआर नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर, सगळं जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका. आणि कुठलं पोलिस ठाणं, पुण्याचं की पिंपरी-चिंचवडचं, यात वेळ घालवू नका. फोन आधी.

आपल्या मित्राने तक्रार केली ती तिसऱ्या दिवशी. "लोक काय म्हणतील" यात दोन दिवस गेले. तोवर खातं रिकामं होतं.

आता आरसा आपल्याकडे

आपण जे नियम शिकलो, तेच नियम लावून उद्या कस्टमर आपल्याला तपासणार आहे. तुमच्या दुकानाचं नाव एक आणि क्यूआरवर मेहुण्याचं नाव, असं आहे का? ॲडव्हान्स घेता आणि पावती देत नाही, असं होतं का? मग शहाणा कस्टमर तुमच्याकडूनही मागे फिरेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. फर्मच्या नावाने करंट अकाउंट उघडा, त्याच खात्याचा क्यूआर लावा, ॲडव्हान्सची लेखी पावती द्या.

आणि त्या सहा कस्टमरचं काय झालं? त्याने बहाणा केला नाही. सहाही जणांना खरं सांगितलं, माफी मागितली. त्यातले पाच आजही त्याच्याकडून माल घेतात. ३८ हजार गेले ते गेले, पण खरं बोलल्यामुळे नाव राहिलं. धंद्यात नाव राहिलं की बाकीचं पुन्हा उभं करता येतं.

आजचा होमवर्क एकच. आपल्याच दुकानाचा क्यूआर स्कॅन करा आणि कुणाचं नाव येतं ते वाचा.