सहभागी रचनेचे मोल कसे ठरवावे?

एखादी यंत्रणा जे वापरणार आहेत, त्यांनाच तिच्या आखणीत निर्णयाचा वाटा देण्याच्या पद्धतीला सहभागी रचना म्हणतात. परंतु अशा रचनेचा दर्जा केवळ तयार वस्तूवरून ठरवला, तर तिचे बरेचसे मोल हिशेबाबाहेर राहते. नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने १९७० च्या दशकाच्या आरंभी संगणकतज्ज्ञ क्रिस्टन निगार्ड यांच्यासह राबवलेल्या प्रकल्पात, संशोधकांचे अहवाल नव्हे तर त्यांतून संघटनेने प्रत्यक्ष केलेली कृती हेच फलित मानायचे ठरले, आणि ही कसोटी कठोर असली तरी तीच योग्य होती.

पुढे १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ प्रकल्पात स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधकांनी वृत्तपत्राची पाने लावणाऱ्या कामगारांबरोबर संगणकीय पानमांडणीची साधने आखली. तांत्रिक आराखडे कामगारांना परके वाटत, म्हणून पुठ्ठा व प्लायवूड यांच्या नमुना-प्रतिकृती केल्या गेल्या, ज्यांत लेझर प्रिंटरच्या जागी चक्क रिकामा खोका होता. त्यांच्यापुढे बसून रोजचे काम करून दाखवताना, शब्दांत न सांगता येणारे हातातले कसब रचनाकारांना दिसले, आणि मोडायला स्वस्त असल्यामुळे प्रतिकृती बदलायला कोणी कचरले नाही. ती यंत्रणा बाजारात रुजली नाही, तरी प्रतिकृतींची पद्धत जगभर पसरली.

म्हणून मूल्यमापनात सभांची किंवा उपस्थितांची संख्या गौण ठरते. वापरणाऱ्यांमुळे कोणता निर्णय बदलला, हे ज्या प्रकल्पाला दाखवता येत नाही, तो सहभागी रचनेच्या नावास पात्र नाही.