किम्बर्लीबाईंचे दगड

माझ्या शबनमच्या आतल्या कप्प्यात गेली वीस वर्षं एक लोहचुंबक आहे. जुन्या स्पीकरमधून काढलेला, एका कडेला टवका उडालेला. घाटात गाडी थांबली की बाकीची मंडळी चहा घेतात आणि मी काळ्या दगडांना चुंबक लावत हिंडतो. बहुतेक अशनींत लोह असतं, ते चुंबकाला ओढतं, एवढ्या भांडवलावर पोसलेलं हे खूळ. आजवरची कमाई शून्य. आपला सगळा दख्खनच काळा, त्यात बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे तोही चुंबकाशी लगट करतो. लोणारचं विवर घरचं असलेल्या महाराष्ट्रात अशनी हुडकणं म्हणजे काळ्या तिळांच्या पोत्यात मोहरीचा दाणा शोधण्यासारखं आहे.

म्हणून मला हेवा वाटतो तो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एलायझा किम्बर्लीचा.

१८८५च्या सुमारास एलायझा आणि फ्रँक हे जोडपं तिथल्या किओवा काउंटीत शेती करायला आलं. सपाट गवताळ मुलूख, मातीत दगड औषधालाही नाही. तरीही ब्रेनहॅम परिसरातल्या शेतांत नांगराचा फाळ मधूनच कशाला तरी आपटायचा आणि खालून काळा, गंजका, आकाराच्या मानाने भलताच जड धोंडा निघायचा. लोक तो उचलून कामाला लावत. आपल्याकडे वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवतात, तसे तिथे ते गवताच्या गंजीवर आणि पावसाच्या पाण्याच्या पिंपावर बसले. हे इथे आले कुठून, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एलायझाच्या आलं. आयोवात शाळकरी वयात तिला एकदा अशनी दाखवला होता, तेवढी ओळख पुरली. तिने दगड जमवायला सुरुवात केली. शेजारी हसले, नवऱ्यालाही ते पटेना. घरावर कर्ज आणि बाई धोंडे गोळा करतेय! तिने अभ्यासकांना पत्रं लिहिली, एकदोन नव्हे, पाच वर्षं लिहीत राहिली. अखेर १८९०मध्ये टोपेकाच्या वॉशबर्न कॉलेजातले प्राध्यापक फ्रान्सिस क्रेगिन आले, ढीग पाहिला आणि जागच्या जागी पैसे मोजून दगड विकत घेतले. कर्ज फिटलं. जिथे धोंडे निघत होते ती शेजारची जमीनही किम्बर्लींनी घेतली. पुढे त्या शेताला ‘कॅन्सस मीटिऑराइट फार्म’ म्हणू लागले.

हे धोंडे साधेसुधे नव्हते. त्यांना पॅलासाइट म्हणतात. वरून गंजलेल्या लोखंडाचा गोळा; पण कापून, घासून पातळ चकती उजेडासमोर धरली की निकेल-लोखंडाच्या जाळीत ऑलिव्हिनचे मधाळ-हिरवे स्फटिक पेटतात. संग्राहक अशा चकत्यांवर जीव टाकतात. ही हौस आजकालची नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या होपवेल संस्कृतीच्या लोकांनी याच अशनीचं लोखंड हजार किलोमीटरहून दूर ओहायोत नेलं होतं. त्यापासून घडवलेल्या वस्तू तिथल्या थडग्यांच्या टेकाडांत सापडल्या.

ज्या साली किम्बर्लींचं कर्ज फिटलं, त्याच साली आयोवात एका अशनीवरून कोर्टकज्जा उभा राहिला. २ मे १८९० रोजी ३० किलोंचा एक दगड जॉन गोडार्ड याच्या माळावर पडून जमिनीत रुतला. होगलँड नावाच्या माणसाने, माळाचं गवत खंडाने घेणाऱ्याच्या परवानगीने, तो उकरला आणि होरेस विन्चेलला १०५ डॉलरला विकला. गोडार्डने दावा ठोकला. आकाशातून पडलेली वस्तू बेवारस, सापडेल त्याची, असा विन्चेलच्या बाजूचा युक्तिवाद. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२मध्ये तो फेटाळला: दगड जमिनीचा भाग झाला, म्हणजे जमीनमालकाचा. अमेरिकेतला सगळा अशनी-बाजार अजून याच पायावर उभा आहे.

त्या बाजाराला शिस्त लावली हार्वे निनिंगरने. तो कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. ९ नोव्हेंबर १९२३ला त्याने एक अग्निगोल पाहिला आणि सरळ अशनींच्या मागे लागला. गावोगाव व्याख्यानं द्यायची, जड काळा दगड दिसला तर आणून दाखवा म्हणायचं आणि अशनी निघाला तर पौंडाला एक डॉलर मोजायचा. किम्बर्लींच्या शेतातला एक खळगा गवे लोळून झालाय असं सगळे धरून चालले होते. १९३३मध्ये त्याने तो खणला आणि ते सुमारे १५ मीटरचं आघात-विवर निघालं. विद्यापीठीय पंडितांनी या विक्रेत्याकडे नाक मुरडूनच पाहिलं. त्याने आपला संग्रह १९५८मध्ये काही ब्रिटिश म्युझियमला आणि १९६०मध्ये उरलेला बहुतांश ॲरिझोना राज्य विद्यापीठाला विकला. आज त्यावर संशोधन करून पंडितच पीएचड्या मिळवतात!

किम्बर्लींचा परिसरही आटला नाही. २००५मध्ये स्टीव्ह अर्नोल्डने तिथे धातुशोधक यंत्र फिरवून जमिनीखालून सुमारे ६५० किलोंचा धोंडा काढला. त्याआधी शेतमालकांशी करार केले होते. गोडार्डचा धडा!

अशनींचे दलाल हे विज्ञानाच्या ताटातले चोर, असं मला पूर्वी वाटे. किम्बर्लीबाईंनी ते मत मोडलं. मोल आलं नसतं तर ते धोंडे गंजीवरच गंजून गेले असते. आपल्याकडे अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातो. तेही योग्यच. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला दगड पडले, लोकांनी वेचले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारं ब्रिजमनाइट हे खनिज त्यांत सापडल्याचं २०२१मध्ये संशोधकांनी जाहीर केलं. पण त्या दिवशीचे सगळे तुकडे सापडले असतील, यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काटोलला जायचा बेत आहे. रानं सोडून मी घरांचे पत्रे बघणार, त्यांवर ठेवलेल्या धोंड्यांना चुंबक लावून. अर्थात, आधी घरमालकाला विचारून.