रबर गार्ड : लवचिकतेचा डाव, गुडघ्याची कसोटी

कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की मल्ल चितपट ठरतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र पाठीवर असलेला खेळाडू पराभूत मानला जात नाही. प्रतिस्पर्ध्याला पायांच्या विळख्यात रोखून तो खालूनही डाव टाकू शकतो. या स्थितीला 'गार्ड' म्हणतात. मुंबई, पुणे, चेन्नई आदी शहरांतही आता ही कला शिकवली जाते. तिच्यातील 'रबर गार्ड' हा प्रकार लवचिकतेवर आधारलेला आहे.

अमेरिकी प्रशिक्षक एडी ब्राव्हो यांनी या प्रकाराला पद्धतशीर रूप दिले. २००३ साली साओ पाउलो येथील स्पर्धेत त्यांनी रॉयलर ग्रेसी या नामवंत खेळाडूस नमवले. तो विजय या पकडीचा नसला, तरी ब्राव्हो त्यामुळेच प्रकाशझोतात आले. २००६ मध्ये त्यांचे रबर गार्डवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जपानच्या शिन्या आओकी यांनी योआखिम हान्सेन यांना याच स्थितीतून शरण आणले.

पकड कशी असते?

जाड सुती पोशाख नसेल, तर पकडण्यास गळपट्टी मिळत नाही आणि घामाने हात निसटतो. अशा वेळी खेळाडू स्वतःच्याच पायाचा उपयोग करतो. प्रतिस्पर्ध्याला छातीशी ओढून डावा पाय त्याच्या खांद्यावरून पाठीवर नेला जातो आणि उजव्या हाताने स्वतःचा घोटा धरला जातो. प्रतिस्पर्ध्याला मान वर काढता येत नाही आणि खालच्या खेळाडूचा डावा हात मोकळा राहतो.

धोका कुठे?

पाय बाहेरच्या बाजूस वळवण्याचे काम खुब्याचे आहे. गुडघा मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो. पीळ तो फारसा सोसू शकत नाही. खुबा आखडलेला असताना पाय बळाने ओढल्यास ताण गुडघ्याच्या बाहेरील अस्थिबंधावर आणि कूर्चेवर येतो. पद्मासनाची घाई करणाऱ्यांनाही हीच दुखापत होऊ शकते.

म्हणून शरीर तापवल्यानंतर उताणे झोपून, नडगी दोन्ही हातांनी सावकाश छातीकडे आणण्याचा सराव आधी करावा. ताण खुब्यात जाणवल्यास हरकत नाही. गुडघ्यात कळ आल्यास तत्काळ थांबावे. प्रतिस्पर्ध्याने अंगावर भार देऊन दुमडण्यास सुरुवात केल्यास घोटा सोडून द्यावा. खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते. ज्यांना ही पकड साधत नाही, त्यांच्यासाठी गार्डचे इतर अनेक प्रकार उपलब्ध आहेत.